पाटलिपुत्राला दगडी तट कोणी बांधला?

१/
समाजमाध्यमांवर अधूनमधून एक चित्र फिरत असते. गुलाबी दगडाची उंच तटबंदी, तिच्यावर गोल बुरूज, चर्या आणि पताका; तटाच्या आत बुद्धिबळाच्या पटासारखे आखलेले रस्ते आणि मधोमध घुमटांचा राजवाडा. खाली ओळ असते : ‘चंद्रगुप्त मौर्याचे पाटलिपुत्र, कौटिल्याच्या अर्थशास्त्रानुसार’. असंख्य लोक ते अभिमानाने पुढे पाठवतात. चित्र देखणे असते. मात्र त्यात दाखवलेले नगर पाटलिपुत्र नसते.

२/
ही चूक किरकोळ नाही. पाटलिपुत्राच्या संरक्षणव्यवस्थेविषयी लिखित साधन आणि उत्खनन या दोहोंनी एकमुखाने सांगितलेली एक गोष्ट आहे : त्या नगराचा तट लाकडाचा होता. चित्रातून नेमकी तीच गोष्ट नाहीशी होते. अनुमानाच्या जागा ठसठशीत रंगवल्या जातात आणि पुराव्याची जागा पुसली जाते. प्राचीन राजधानीची पुनर्रचना म्हणजे काय आणि काय नव्हे, हे या एका उदाहरणावरून तपासता येते.

३/
आधी साधने. इ.स.पू. ३००च्या सुमारास सेल्यूकसचा दूत मेगास्थेनिस चंद्रगुप्ताच्या दरबारी आला. त्याचा ‘इंडिका’ हा ग्रंथ नष्ट झाला आहे. स्ट्रॅबो, एरियन, डायोडोरस यांनी घेतलेल्या उताऱ्यांतून तो आज कळतो. त्यातील वर्णनानुसार नगर गंगा आणि दुसऱ्या एका नदीच्या संगमावर होते. लांबी ८० स्टेडिया, रुंदी १५ स्टेडिया. भोवती लाकडी तट, त्यात बाण सोडण्यासाठी छिद्रे, आणि तटापुढे खंदक. तो खंदक संरक्षणासाठी होता आणि नगराचे सांडपाणीही त्यातच जात असे. ५७० बुरूज आणि ६४ वेशी हे आकडे एरियनने दिले आहेत.

४/
स्टेडियमचे माप सर्वत्र एकच नव्हते. ते १७५ ते १८५ मीटर धरले, तर नगराची लांबी १४ ते १५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे पावणेतीन किलोमीटर येते. तटाचा घेर ३३ ते ३५ किलोमीटर होतो. गंगेच्या काठाने पसरलेली ही लांबट, चिंचोळी वस्ती आहे. चित्रातील नेटका चौरस कोणत्याही मापाने तिच्यात बसत नाही.

५/
येथे एक पक्ष लगेच उभा राहतो. मेगास्थेनिस थापाड्या होता, असे तो म्हणतो. सोने उकरणाऱ्या मुंग्या आणि तोंड नसलेली माणसे यांच्या कथा त्याच्या नावावर आहेत, हे खरे. स्ट्रॅबोनेही त्याला खोटारड्यांत जमा केले आहे. परंतु याच स्ट्रॅबोने नगराचे वर्णन मात्र त्याच्याकडूनच घेतले. ऐकीव कथा आणि ज्या नगरात जाऊन आला त्या नगराचे वर्णन, यांना एकाच तराजूत तोलणे ही चिकित्सा नव्हे. तो आळस आहे.

६/
शिवाय आकडे तपासता येतात. ३३ ते ३५ किलोमीटरच्या घेरात ५७० बुरूज म्हणजे दोन बुरुजांमध्ये सरासरी ५८ ते ६२ मीटर अंतर. हे अंतर धनुष्याच्या पल्ल्यात येते : तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर दोन्ही बाजूंच्या बुरुजांवरून मारा करता येतो. निव्वळ थाप मारणाऱ्याचा आकडा लष्करी व्यवहाराशी इतका जुळेल, याची शक्यता कमी. यावरून प्रत्येक बुरूज सिद्ध होत नाही. पण वर्णनाला विचारात घेण्याइतके वजन निश्चित मिळते.

७/
आता अर्थशास्त्र. दुर्गविधानाच्या प्रकरणात दोन अट्टालकांमधील अंतर ३० दंड सांगितले आहे. दंड सुमारे १.८ मीटरचा धरल्यास ते ५४ मीटर होते. मेगास्थेनिसच्या आकड्यांवरून निघणाऱ्या अंतराच्या ते बरेच जवळ आहे. हे साम्य महत्त्वाचे आहे आणि अभ्यासकांनी त्याची दखलही घेतली आहे. परंतु या एका साम्याच्या जोरावर संपूर्ण अर्थशास्त्र पाटलिपुत्रावर पांघरले जाते, आणि तेथेच फसगत होते.

८/
कारण उरलेल्या तपशिलांत दोन्ही साधने एकमेकांपासून दूर जातात. अर्थशास्त्राच्या नगराला १२ वेशी. मेगास्थेनिसच्या नगराला ६४. अर्थशास्त्रात तीन खंदक, अनुक्रमे १४, १२ आणि १० दंड रुंद, म्हणजे सर्वांत मोठाही सुमारे २५ मीटरचा; एरियनकडे एकच खंदक आणि त्याची रुंदी सहा प्लेथ्रा, म्हणजे जवळजवळ १८० मीटर. ती रुंदी एखाद्या नदीची आहे. नदीचा जुना प्रवाहच खंदक म्हणून वापरला गेला असावा, हे अनुमान तिच्यावरून सुचते.

९/
सर्वांत मोठा विरोध तटाच्या साहित्याचा आहे. अर्थशास्त्र तट विटांचा किंवा दगडाचा करायला सांगते आणि लाकडी तटाला स्पष्ट नकार देते. कारणही देते : लाकडात अग्नी दबा धरून बसलेला असतो. म्हणजे ज्या ग्रंथाच्या आधारे पाटलिपुत्राचे चित्र काढले जाते, त्या ग्रंथाला पाटलिपुत्राचा तट मुळीच मान्य झाला नसता. ‘अर्थशास्त्रानुसार पाटलिपुत्र’ ही ओळ लिहिणाऱ्याने दोहोंपैकी एकही साधन नीट वाचलेले नाही.

१०/
यावर उत्तर येते, की कौटिल्य चंद्रगुप्ताचा मंत्री, मग राजधानी त्याच्याच आराखड्याने उभी राहिली असणार. अर्थशास्त्राचा काळ हा स्वतंत्र वाद आहे. मुंबई विद्यापीठासाठी १९६० ते १९६५ या काळात त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे र. पं. कंगले यांनी परंपरागत कर्तृत्वाची बाजू घेतली. थॉमस ट्राउटमन यांनी १९७१मध्ये भाषेच्या सांख्यिकीवरून एकाहून अधिक लेखक सुचवले. पॅट्रिक ऑलिव्हेल ग्रंथाची रचना मौर्यांनंतरची मानतात.

११/
या वादात कोणतीही बाजू घेतली, तरी पाटलिपुत्राच्या प्रश्नाचे उत्तर बदलत नाही. अर्थशास्त्र हे शास्त्र आहे. नगर कसे असावे ते सांगते, एखादे विशिष्ट नगर कसे होते ते नव्हे. शिवाय पाटलिपुत्र चंद्रगुप्ताच्या आधीपासून उभे होते. बौद्ध परंपरेनुसार अजातशत्रूच्या सुनीध आणि वस्सकार या मंत्र्यांनी वज्जींना आवर घालण्यासाठी पाटलिग्रामात कोट बांधला. पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेल्या नगरावर कोऱ्या कागदावरचा आराखडा लादता येत नाही.

१२/
मग लाकूडच का? उत्तर एरियनमध्येच आहे. नदीकाठची आणि सखल भागातील नगरे लाकडाची बांधतात, कारण पाऊस आणि पूर यांपुढे विटांचे बांधकाम टिकत नाही. उंचावरची नगरे विटा आणि मातीची असतात, असे तो नोंदवतो. हा भूगोलाचा हिशेब आहे. गंगेच्या गाळात दगड नाही. साल वृक्षाचे लाकूड होते, ते नदीतून आणता येत होते, आणि ओल्या जमिनीत खोलवर रोवलेला सालाचा खांब दीर्घकाळ टिकतो.

१३/
मगधाला दगडी तट बांधता येत नव्हता, असेही नाही. पाटलिपुत्राआधीची मगधाची राजधानी राजगृह. तेथे टेकड्यांच्या माथ्यावरून प्रचंड शिळा चुन्याविना एकावर एक रचून केलेला तट आजही दिसतो. त्याची एकूण लांबी सुमारे ४० किलोमीटर सांगितली जाते. डोंगरात दगड होता, तेथे दगड वापरला. गाळाच्या मैदानात लाकूड वापरले. लाकडी तटाला मागासलेपणा समजणारे हे सामर्थ्य पाहतच नाहीत : एकाच राज्याने दोन वेगळ्या भूमींवर दोन वेगळी उत्तरे शोधली.

१४/
हा तट केवळ ग्रीकांच्या शब्दांवर उभा नाही. वॅडेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाटण्यात शोध घेतला. पुढे बुलंदीबाग येथे डी. बी. स्पूनर यांनी १९१५नंतर आणि १९२६-२७मध्ये मनोरंजन घोष यांनी खोदकाम केले. तेथे सालाच्या उभ्या ओंडक्यांच्या दोन समांतर रांगा लागल्या. मराठीत अशा तटाला नेमका शब्द आहे : मेढेकोट. दोन रांगांमधील पोकळीत माती भरलेली होती की ती झाकलेली वाट होती, यावर मतभेद आहेत. लाकूड मात्र वादातीत आहे.

१५/
या मेढेकोटाचा माग सुमारे ४५० फुटांपर्यंत, म्हणजे १३७ मीटरपर्यंत लागला. मेगास्थेनिसच्या घेराशी तुलना केली, तर हे प्रमाण दर १,००० मीटरांमागे चार मीटर इतके भरते. उरलेले ९९६ मीटर चित्रकाराने कल्पनेने भरायचे आहेत. त्याने ते जरूर भरावेत. परंतु हातात असलेले चार मीटर लाकडाचे असताना सगळे हजार मीटर दगडाचे रंगवणे, याला पुनर्रचना हे नाव देता येणार नाही.

१६/
कल्पनेचा हा मोह केवळ आजच्या संगणकनिर्मित चित्रांचा नाही. रतन टाटा यांच्या अर्थसाहाय्याने १९१२-१३मध्ये स्पूनर यांनी कुम्रहार येथे उत्खनन केले. गुळगुळीत पॉलिशच्या वालुकाश्मी स्तंभांचे भव्य सभागृह तेथे सापडले. ते पाहून स्पूनर यांना इराणमधील पर्सेपोलिस आठवले. मग त्यांनी पर्सेपोलिसचा नकाशा हाती घेऊन पाटण्याच्या उंचवट्यांत दारयवहूच्या राजवाड्याचे भाग शोधायला सुरुवात केली. मौर्य स्तंभांचे इराणी कलेशी नाते हा रास्त प्रश्न होता. एका नगराचा नकाशा दुसऱ्यावर ठेवणे ही रास्त पद्धत नव्हती.

१७/
या स्थळाची फेरतपासणी १९५१ ते १९५५ या काळात झाली. ती करणारे अनंत सदाशिव आळतेकर हे मराठी भाषकांना जवळचे नाव. विजयकांत मिश्र यांच्यासह, काशीप्रसाद जायसवाल संशोधन संस्थेच्या वतीने त्यांनी कुम्रहार पुन्हा खोदले. ८० स्तंभांच्या सभागृहाचा विन्यास अधिक स्पष्ट झाला, प्रवेशाकडील आणखी स्तंभांच्या खुणा मिळाल्या, आणि गुप्तकालीन आरोग्यविहाराचा पुरावा मुद्रेसह हाती आला. पर्सेपोलिसच्या साच्यातून पाहणाऱ्याला जे दिसले नसते, ते थरांप्रमाणे खोदणाऱ्याला दिसले.

१८/
दगडी पाटलिपुत्राची कल्पना त्याहूनही जुनी आहे. पाचव्या शतकाच्या प्रारंभी फाहियान पाटलिपुत्रात आला. अशोकाचा राजवाडा आणि त्याच्या भिंती, दारे, कोरीवकाम हे भुतांनी दगड रचून केले, अशी समजूत त्याने नोंदवून ठेवली आहे. म्हणजे सहाशे-सातशे वर्षांतच लोकांना मौर्यांचे बांधकाम माणसांचे वाटेनासे झाले होते. आजच्या चित्रात भुतांची जागा संगणकाने घेतली आहे. दोन्हींत एक गोष्ट समान : कारागीर नाहीसा झाला.

१९/
आणि खरे कर्तृत्व कारागिराचे होते. भारतीय वास्तुकलेच्या प्रारंभीच्या टप्प्यात दगड लाकडाचे अनुकरण करतो. महाराष्ट्रातील वाचकाला त्यासाठी पाटण्यास जाण्याची गरज नाही. भाजे आणि कार्ले येथील चैत्यगृहांची छते पाहावीत : खडकात कोरलेल्या छताला लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. सुताराची भाषा पाथरवटाने जशीच्या तशी उचलली. त्या काळी भव्यतेची कल्पनाच लाकडात घडलेली होती. लाकूड काढून दगड बसवणारा पाटलिपुत्राला मोठे करत नाही. त्याच्या काळापासून तोडतो.

२०/
गोल बुरुजांविषयीही हेच. महाराष्ट्रातील तरुण गडकोट हिंडतात. तोफांच्या काळातील बुरूज, चर्या, जंग्या आणि गोमुखी दरवाजा त्यांच्या डोळ्यांत भरलेले असतात. ते प्रेम खरे आहे. परंतु मौर्य राजधानीला तोफखान्याच्या युगातील तट चढवला, की अठराशे वर्षांचा युद्धशास्त्राचा इतिहास एका फटक्यात सपाट होतो. ज्याला रायगड आणि जंजिरा यांतील फरक कळतो, त्याला राजगृह आणि पाटलिपुत्र यांतील फरक कळायला हवा.

२१/
‘चित्रांमुळे लोकांना इतिहासाची गोडी लागते, मग चुकीला एवढे महत्त्व कशाला?’ हा आक्षेप गंभीर आहे. चित्रे हवीतच. त्यांच्यावाचून १३७ मीटरचा मेढेकोट नगर होऊन डोळ्यांपुढे उभा राहत नाही. मागणी एवढीच, की चित्राने आपल्या खात्रीचे प्रमाण लपवू नये. जे खोदून मिळाले ते ठळक रेषेने. जे लिखित साधनांत आहे ते फिक्या रेषेने. जे अनुमान आहे ते तुटक रेषेने. आणि जी निव्वळ कल्पना आहे ती कोरी ठेवावी किंवा तसे लिहावे.

२२/
नगररचना ठामपणे कधी सांगता येते, याचेही उदाहरण आहे. ओडिशातील शिशुपालगड येथे ब्रजबासी लाल यांनी १९४८मध्ये उत्खनन केले. सुमारे १.२ किलोमीटर बाजूचा जवळजवळ चौरस तट जमिनीवर आजही ओळखू येतो. प्रत्येक बाजूला दोन, अशा आठ वेशी आहेत. पुढच्या संशोधकांनी पृष्ठभागाची पाहणी आणि भूभौतिक सर्वेक्षण करून तटाच्या आतील मांडणीचा वेध घेतला. तेथे चौरस काढावा, कारण चौरस जमिनीत आहे. तो उचलून पाटण्यावर ठेवू नये.

२३/
पाटलिपुत्राचे प्रामाणिक चित्र काढायचे तर सुरुवात नदीपासून करावी लागेल. पतंजलीच्या महाभाष्यात पाटलिपुत्र शोणेच्या काठाने वसलेले असल्याचे उदाहरण येते. आज शोण पाटण्याच्या बरीच पश्चिमेला गंगेला मिळते, प्रवाह सरकला. म्हणजे त्या नगराच्या संरक्षणाची एक अख्खी बाजू नकाशावरून निघून गेली आहे. जुन्या पात्राचा शोध घेतल्याशिवाय खंदकाची रेषा ओढता येत नाही. या कामाला भूगर्भातील गाळाचे नमुने लागतात, आज्ञा देताच चित्र काढणारे यंत्र पुरत नाही.

२४/
हा वाद केवळ अभ्यासिकेतला नाही. पाटलिपुत्र आजच्या पाटणा शहराखाली आहे. तेथे पाया खोदला जातो, नळ टाकले जातात, विहिरी घेतल्या जातात. वॅडेल यांच्या काळातही जुन्या लाकडी तुळया अशाच खोदकामांत हाती लागत होत्या. राजधानीचा तट दगडी होता अशी ज्याची खात्री आहे, त्याच्या फावड्याला लागलेला काळाकुट्ट ओंडका त्याला सरपण वाटेल. चुकीचे चित्र पुराव्याला अदृश्य करते, आणि अदृश्य झालेला पुरावा कोणी वाचवत नाही.

२५/
कुम्रहारची अवस्था याची साक्ष आहे. भूजल वर येऊन पाणी साचू लागल्याने सभागृहाचे उघडे अवशेष २००४च्या सुमारास माती आणि वाळूखाली झाकावे लागले. ज्या ओलाव्याने बुलंदीबागेतील लाकूड हवेपासून दूर ठेवून दोन हजारांहून अधिक वर्षे राखले, तोच ओलावा उघड्यावर आलेल्या अवशेषांना खातो. तेथे पाण्याचा निचरा, जतनाची शास्त्रीय सोय आणि सातत्याने मिळणारा निधी हवा. लोकांनी या गोष्टी मागण्यासाठी तेथे नेमके काय आहे, हे त्यांना आधी कळले पाहिजे.

२६/
महापरिनिब्बान सुत्तातील कथेनुसार, पाटलिग्रामाचा कोट बांधला जात असता बुद्धाने त्याला तीन धोके सांगितले : आग, पाणी आणि आपसातील फूट. मेढेकोटाच्या नगरासाठी पहिले दोन धोके अगदी रोखठोक आहेत. ज्याने ही कथा प्रथम सांगितली, त्याला तट कशाचा आहे हे ठाऊक होते. त्यानंतर त्या नगराला चौथा धोका उत्पन्न झाला, आणि तो त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांकडूनच : खोट्या दगडाचा.

२७/
म्हणून पुढच्या वेळी ते गुलाबी तटाचे चित्र समोर आले, तर पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. तट कशाचा दाखवला आहे? नदी कोठे आहे? आणि यातील किती भाग खोदून मिळालेला आहे? उत्तर मिळाले नाही, तर ते चित्र पाटलिपुत्राचे नाही. मगधाच्या अनाम सुतारांनी गंगेच्या चिखलात सालाचे ओंडके रोवून एक राजधानी राखली. अभिमान बाळगायचाच असेल, तर त्या ओंडक्यांचा बाळगावा.

(थ्रेड समाप्त)